दुसरं बदक

द्वारका चौकाजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं, तेव्हा सायखेड्याचे एक काका दर दिवाळीआधी बदकांच्या शिकारीची एक गोष्ट वहीच्या कागदांवर लिहून आणायचे. "बंदी यायच्या आधीचं हाय हे सगळं, ताई," असं ते आधी बजावायचे. टाइप झालं की वीस झेरॉक्स काढून फराळाच्या डब्यांबरोबर सोयऱ्यांना वाटायचे. मी टाइप करताना ते मागे उभे राहत आणि गोष्टीत बार उडाला की माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरत.

शेवट दरवर्षी तोच. चक्रवाक जोडीनं राहतात, म्हणून पहिलं बदक पडलं की ते तसंच पाण्यावर तरंगू द्यायचं आणि गवतात दबा धरून बसायचं. "दुसरं लांब जात नाय. फिरून येतंच." ते आलं की दुसरा बार. हे सांगताना काका हसायचे. मला ते हसणं अजिबात आवडायचं नाही, पण गिऱ्हाइकाला काय बोलणार?

एका वर्षी ते दिवाळी उलटून गेल्यावर आले. काकू गेल्या होत्या. त्यांनी एक जुनीच गोष्ट पुढे केली. "परत टाइप करा. शेवटच्या चार ओळी सोडून द्या."

मी टाइप केली. आता गोष्टीत एकच बार उरला होता, पण तो होऊन गेल्यावरही त्यांनी खुर्चीची पाठ सोडली नाही.

"झेरॉक्स किती काढू?"

"नको."

"आणि काका, मग दुसऱ्या बदकाचं काय होतं?"

"फिरतंय," ते म्हणाले. "त्याला कुठं कोण मारतंय?"