सातवी रास

पंढरीनाथ गुरुजी भाईंदर पूर्वेला आमच्याच इमारतीत राहत आणि लग्ने लावत. १९८७ साली त्यांनी एका रडणाऱ्या मुलीचे लग्न लावले होते. सहा महिन्यांत ती सासरी जळून गेली. तेव्हापासून सप्तपदीत वधूची सहा पावले तांदळाच्या सहा राशींवर पडली की ते थांबत. "सातव्या पावलाशिवाय शास्त्राने लग्न पूर्ण होत नाही. बाळ, टाकायचं ना?" असे विचारत. लोक हसत, मुली लाजून पाऊल टाकत. तोपर्यंत गुरुजी मात्र पुढचा मंत्र म्हणत नसत.

१९९२ च्या मे महिन्यात शेजारच्या संपदाने ते पाऊल टाकलेच नाही.

"नाही," ती म्हणाली.

हॉलमधले हसणे थांबले. तिचे वडील ओरडले, "गुरुजी, मंत्र म्हणा! तिला काय विचारताय?"

"लग्न तिचं आहे, म्हणून तिलाच विचारतोय."

नवऱ्या मुलाचा मामा बाह्या सरसावत पुढे आला. "भटजी, घरी धड पोचायचंय ना?"

आमच्यापैकी कोणाचीच उठायची हिंमत झाली नाही. "पाऊल पडलेलं नाही. लग्न झालेलं नाही," गुरुजी कसेबसे म्हणाले आणि नवऱ्याच्या शेल्याला बांधलेला तिचा पदर सोडवू लागले. बोटे इतकी कापत होती की गाठ सुटेना. मामा दोन हातांवर आला होता.

तेव्हा संपदाने त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि गाठ स्वतः सोडली.