गार्डसाहेबांची कोरडी मिशी

गार्डसाहेबांइतका घाम येणारा नट मी पाहिला नाही. पहिल्या अंकात चिकटवलेली मिशी दुसऱ्या अंकापर्यंत एका बाजूने सुटायची आणि ते बोलता बोलता, भूमिकेतलाच एखादा विचार चालू असल्यासारखे, अंगठ्याने ती परत बसवायचे. माझ्या सामानाच्या यादीत त्यांच्या नावापुढे दोन मिशा, दोन सदरे आणि गोंदाची जादा बाटली कायमची होती.

मूळचे भुसावळचे. रेल्वेत गार्ड होते, बदलीने जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर जगतपुऱ्यात फ्लॅट घेऊन राहिले. आमच्या मराठी मंडळाची नाटकं तेच बसवत. ऑफिसातून थेट तालमीला येणारी आणि निम्मं हिंदीत बोलणारी पोरं त्यांच्यासमोर 'मतलब' म्हणाली की उठाबशा. मला त्यांनी प्रॉम्प्टिंग शिकवलं. नटाला वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. "तू नीट बसलीस ना सुषमा, तर तू आहेस हे कुणाला कळणारही नाही," ते म्हणायचे. मला ते आवडायचं. विंगेत कुणाला न कळता बसण्यात मी फार तरबेज झाले.

पाण्याचा त्यांचा नियम वेगळाच. प्रयोगाआधी दोन तास घोटभरही नाही, कारण पाणी प्यायलेल्या नटाचं लक्ष नाटकात नसतं. विंगेत पंखा नाही, कारण पडदे हलतात. एकदा मी यादीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी लिहिलं. त्यांनी ते लाल पेनाने खोडून शेजारी लिहिलं, 'ही सहल नाही.' सगळे हसले. मीही हसले, याचा मला आज संताप येतो.

आणि एक लाडकं वाक्य. "सुटलेली गाडी मधेच उभी करायची नाही." ज्या माणसाच्या डब्यात आयुष्यभर ब्रेक होता तो हे सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो.

ते शेवटचं नाटक मेच्या अखेरीस लागलं. संध्याकाळी हॉल एका डान्स क्लासला दिलेला, म्हणून आम्हाला दुपारचे तीन मिळाले. सकाळी नऊलाच स्कूटीच्या सीटवर बसवत नव्हतं असे ते दिवस. मी बैठकीत म्हटलं, पावसानंतर करू. अध्यक्ष म्हणाले, सुट्ट्या संपल्या की लोक येत नाहीत, आणि हॉल एसी आहे की वहिनी.

एसी होता, प्रेक्षकांसाठी. स्टेजकडची हवा बंद, कारण टांगलेल्या माइकमध्ये घरघर यायची. ती बंद करायला लावणारे स्वतः गार्डसाहेबच. नाटकातला काळ थंडीचा. पुढच्या रांगेतल्या बायका पदर खांद्यावर ओढून बसल्या होत्या आणि दिव्यांखाली एक सत्तरीला आलेला माणूस लोकरीच्या कोटात, गळ्याला मफलर गुंडाळून वावरत होता.

मध्यंतरात ते ट्रंकेवर बसले. मिशी जागच्या जागी, सदरा कोरडा. नाटकात त्यांच्या मुलाचं काम करणारा रोहित म्हणाला, "काका, आज मिशी वेल्डिंग करून आणली काय?" गार्डसाहेब हसले, पण उशिरा. मी यादीवर खूण केली, दुसरी मिशी लागली नाही, दुसरा सदरा लागला नाही. मला बरं वाटलं. एवढ्या उकाड्यात घाम थांबला म्हणजे शरीराने हात टेकले, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे खिळ्यापासून कुंकवापर्यंत सगळ्याची यादी होती.

दुसऱ्या अंकात त्यांचा शब्द अडला. मी दिला. परत अडला. मग त्यांनी रोहितला विचारलं, गाडी किती लेट आहे? नाटकात गाडी नव्हतीच. "येईल बाबा, बसा तुम्ही," म्हणत रोहितने सांभाळून घेतलं आणि लोक हसले. पहिला शब्द पुरेना, तेव्हा मी अख्खं वाक्य द्यायला लागले. ते माझ्याकडे बघत, सपाट आवाजात, ते म्हणत गेले. पडद्याची दोरी माझ्यापासून दोन हातांवर होती. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला मी वीस-बावीस मिनिटं वाक्यं भरवली. प्रयोग पूर्ण झाला. पडदा पडला आणि मग ते पडले. कोट काढताना हाताला लागलेलं त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तिसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलातच वारले.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, नटाला हवं तसं मरण आलं, भाग्यवान माणूस. लोकांनी हळहळून माना हलवल्या. लोकांसमोर बोलायची मला सवय नाही, पण मी उठले. म्हटलं, त्यांना हे मरण नको होतं. त्या सोमवारी ते भुसावळला निघणार होते, नातवाला पोहायला शिकवायला. तिकीट काढलेलं होतं, नातवासाठी चड्डी आणि टोपी राजा पार्कातून माझ्यासोबत जाऊन आणली होती, आणि टोपीचा रंग आवडेल का म्हणून दुकानात तीनदा विचारलं होतं. ते तापून मेले. पाणी त्यांनी स्वतः नाकारलं, दुपार आपण ठरवली, आणि पडदा पाडला नाही तो मी. यात भाग्य कुठलं?

रोहित रडत होता. अध्यक्ष हळूच म्हणाले, "वहिनी, ही वेळ नाही हे बोलायची."

"वेळ तेव्हा होती," मी म्हटलं. "तेव्हा मी त्यांना वाक्यं देत बसले होते."