पाइप एक, भट्ट्या तीन

आम्ही तिघं बेकरीवाले चहाला बसलो की पाव-बिस्किटाचं बोलणं होतच नाही. गॅसच्या पाइपलाइनचंच निघतं. एक किस्सा सांगून संपत नाही तोवर दुसरा घडलेला असतो! मी खारी-टोस्टवाली, कुलकर्णी क्रीमरोलवाले आणि रशीदचाचा नानवाले.

धूर होतो म्हणून आमच्या लाकडाच्या भट्ट्या बंद करायला लावल्या. पाइप आला. आधी रेट बरा होता, मग लागला चढायला. कंपनीच्या साहेबाला विचारलं, तर म्हणे, "मॅडम, जगात गॅस महागलाय." पुढं जगात स्वस्त झाला. मी पेपर घेऊनच गेले. म्हणे, "आपला करार जुना आहे!" चढताना जग, उतरताना करार. व्वा!

कुलकर्णींना राग आला की ते लई शुद्ध बोलतात. "आम्हास दुसऱ्या कंपनीचा गॅस घ्यावयाचा आहे."

साहेब हसला. "काही वर्षं या शहराचा हक्क आमचाच."

"शहर आंदण दिलंय काय?" मी विचारलं.

"टेंडरमध्ये मिळालंय!"

तीही वर्षं सरली. आता दुसऱ्यालाही याच पाइपातून गॅस विकता येतो, पाइपाचं भाडं भरून. एक नवा सेल्समन आला. त्याचा रेट ऐकून मी त्याला गरम खारी खाऊ घातली. पुढं तोच तोंड पाडून परत आला. "ताई, कंपनी म्हणते पाइपात जागाच नाय." आणि त्याच आठवड्यात कंपनीनं चिकलठाण्याला याच पाइपावर नवी गिऱ्हाईकं जोडली! जागा नाय म्हणं!

वकिलाकडं गेलो. ते म्हणाले, "नियामक फक्त पाइपाचं भाडं ठरवतो. गॅसचा भाव बाजार ठरवतो."

चाचा उसळले. "कौनसा बाजार, वकीलसाब? शहागंज में भाजीवाले भी दस बैठते!"

मग कंपनीनं विमानतळाजवळच्या हॉटेलात ग्राहक मेळावा ठेवला. जेवणाला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. नानची ऑर्डर चाचांना. नेमकं त्याच सकाळी गॅसचं प्रेशर पडलं. शहरातल्या सगळ्याच भट्ट्या थंड. चाचांनी कंपनीला फोनवर फोन लावले. "लाइन ओके आहे," एवढंच उत्तर.

"जिंदगी में कच्चा नान नहीं दिया मैं," चाचा म्हणाले. तरी टोपल्या भरल्या आणि स्वतः घेऊन गेले.

साहेबानं नान तोडला. आत कच्चं पीठ! सगळ्यांसमोर ओरडला, "परत करा हे! दुसऱ्याकडून मागवा!"

चाचांनी टोपलीवर फडकं टाकलं. "मंगाओ साब. दूसरा मिला तो हमकू भी बताना."