दोनच्या रेघेवरची चिकटपट्टी

नगरच्या दवाखान्यात आईच्या वॉर्डात ऑक्सिजन बघणारे एक काका होते. नाव मी कधी विचारलंच नाही. बोलण्याआधी ते पेशंटच्या छातीकडे बघत बोटांवर श्वास मोजायचे.

एकदा आईला धाप लागली म्हणून मी गुपचूप मीटरची कळ फिरवून ऑक्सिजन वाढवला. ती गुंगीत गेली. काकांनी तो खाली आणला, डॉक्टरांना बोलावलं. मला रागावले नाहीत.

"यांच्यासारख्या फुप्फुसाच्या जुन्या पेशंटना लई दिला की आत कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येती. मग फुप्फुसातल्या राखणदार पेशी ढिल्या पडत्यात, जंतू माजत्यात, सूज हटत न्हाई," म्हणाले आणि कुणी वर नेऊ नये म्हणून मीटरवर दोन लिटरच्या रेघेवर चिकटपट्टी लावली.

आता आई घरी आहे; तिच्या ऑक्सिजनच्या मशीनवर मीही तशीच लावलीय. आईला धाप लागली की हात तिकडे जातो, पण बोटं आधी श्वास मोजतात.