कडुलिंबातला पावशा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझे बाकीचे सगळे पराक्रम तोंडपाठ आहेत.

मला पाखरांचे आवाज काढता येतात. होला, टिटवी, पिंगळा. पिंगळा काढला की आई अंगावर धावून यायची, कारण घराजवळ तो बोलणं अशुभ! पण माझा खास आवाज पावशाचा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं तो सांगतो, आणि युसूफ वडगावच्या आमच्या शिवारात जुनी माणसं ते अजून मनावर घेतात. शेजारचे सोपानकाका तर लईच. पावशा बोलला की त्यांची धूळपेर सुरू. पावसाआधीच, कोरड्या रानात बाजरी. बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर मूठ त्यांचीच; दाणा सारखा सोडणारा तसा हात गावात दुसरा नव्हता.

एका सकाळी मी—दोन लेकरांचा बाप, बरं का—त्यांच्या बांधावरच्या कडुलिंबात चढून बसलो आणि पावशा झालो. वाटलं, काका वर बघतील, शिव्या देतील, मग चहा पाजतील. पण काका थबकले. टोपी काढून हात जोडले आणि बैल आणायला वळले. तेव्हाच खाली उडी मारायला काय झालं होतं मला? लाज वाटली. मुंगळे चावत होते, तरी बसून राहिलो.

पाऊस आलाच नाही. दाणे मुंग्यांनी अन् होल्यांनी वेचले. पारावर पोरं हसायची, "काय काका, पाखरानं फशिवलं व्हय?"

चूक ती नव्हे—थांबा, तीही आहेच—पण खरी पुढं आहे. काका माझ्याकडं आले. "त्या दिशी पावशा बोलला व्हता ना रे? तू रानातच व्हतास की."

किती सोपं होतं! आणि मी म्हणालो, "न्हाई काका. मला तर काईच ऐकू आलं न्हाई."

ते म्हणाले, "म्हंजे कानच गेले माझे." त्यानंतर त्यांनी चाड्यावर मूठ धरली नाही. पोराला दिली.

आता मिरग जवळ आला की ते माझ्या ओट्यावर येऊन बसतात. यंदाही आले. पावशा डोक्यावरच ओरडत होता—खरा.

"बोलतंय का रे पाखरू?"

"हाव काका, बोलतंय."

"मलाबी तसंच वाटलं," ते म्हणाले. "पर म्हणलं तुला इचारावं. तुझे कान चांगले हायत."

मी मान डोलावली.