अण्णांचं शेकरू

अलिबागला कोर्टाच्या समोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या कागदांच्या प्रती काढण्यात गेलं. पन्नाशी उलटल्यावर मनात आलं, आपल्या हातून एक तरी मूळ वस्तू व्हावी. म्हणून कॅमेरा घेतला, आणि त्याला लावायला हाताएवढी लांब लेन्स. बायकोने ती लेन्स हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे. मसाला कुटायला होईल."

मी हिवाळ्यात डोंगरांचे फोटो काढतो असं सांगितलं की लोकांना बर्फ आठवतो. आमच्या डोंगरांवर बर्फ पडत नाही. पडलंच तर दव पडतं, आणि त्यावरून मी पडतो. पण डिसेंबरच्या सकाळी काशीदच्या मागच्या डोंगरावर उभं राहावं. खाली कापलेल्या भाताच्या खाचरांत वालाचा हिरवा पट्टा दिसतो, त्यावर धुक्याची चादर असते, आणि तिच्या पलीकडे समुद्र आहे की आभाळ हे ऊन वर येईपर्यंत कळत नाही. हे सगळं माझ्या फोटोत मात्र पांढरं येतं. नुसतं पांढरं. घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा पुण्याच्या मुलीने विचारलं, "बाबा, झाकण काढलं होतंत ना?"

तर असा मी छायाचित्रकार. आणि माझ्याकडे अण्णांनी मागितलं काय, तर शेकरू.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं लहानपण त्याच डोंगराच्या पायथ्याशी गेलं. म्हशींच्या मागे रानात जायचे. पुढे थळच्या कारखान्यात नोकरी लागली, थळलाच घर बांधलं, आणि डोंगर मागे राहिला. गाडीने तासा-दीड तासाची वाट, पण पुन्हा कधी जाणं झालं नाही. आपलंच असलं की कोण उठून बघायला जातो? मग निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजायला लागले. एका डोळ्यात मधोमध काळा डाग बसला तो बसलाच. दुसऱ्या डोळ्यात तोच डाग हळूहळू पसरत होता. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, पण किती टिकेल ते सांगत नव्हते. अण्णांना पेपर दिसेना, टीव्हीवरच्या बातम्या ते ऐकायला लागले, आणि आमच्याशी बोलताना आमच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायला लागले. डाग चुकवून बघायचं तर तसंच बघावं लागतं. बायको मला म्हणाली, "चला, तुमच्या तोंडाकडे सरळ बघायची शिक्षा तरी टळली त्यांची." अण्णा हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन ती बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सगळी घासलेलीच होती.

एकदा चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "तू त्या रानात जातोस ना फोटो काढायला? शेकरू दिसतं का रे अजून?"

"असतं म्हणतात. मला नाही दिसलं."

"आम्हाला थंडीत रोज दिसायचं. एवढी मोठी खार. तांबूस. ह्या झाडावरून त्या झाडावर अशी जायची..." त्यांनी हात पुढे केला, पण उडी काही त्यांना हातात पकडता आली नाही. मग कप खाली ठेवून म्हणाले, "एकदा बघायला मिळालं असतं. डोळा आहे तोवर."

एवढंच. अण्णांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं ते असं, की जे झेरॉक्स काढून देता येत नाही.

मी आधी सोपा मार्ग पकडला. अण्णांना रानात न्यायचं म्हणजे धोंडे, मुळं, चढण. त्यापेक्षा फोटो काढून आणावा आणि टीव्हीवर मोठा करून दाखवावा. म्हणून सलग काही रविवार पहाटे उठून गेलो. हिरवट जॅकेट, मंकी कॅप, हातमोजे. रानाच्या तोंडाशी वनखात्याची चौकी आहे, तिथला माणूस पहिल्यांदा मला बघून म्हणाला, "शेठ, इतकी थंडी न्हाय हो आपल्याकडं." शेकरूची घरटी दिसली, उंचावर काटक्या-पानांचे मोठाले गोळे. शेकरूचा आवाजही ऐकला, खुळखुळा वाजवावा तसा. पण मी कॅमेरा वर करून, एक डोळा मिटून, दुसरा लावून, रिंग फिरवून तयार होईपर्यंत जगातलं कुठलंच जनावर थांबत नाही. शेवटी एकदा पानांत काहीतरी तांबूस हललं आणि मी बटण दाबलं. घरी आल्या आल्या तो फोटो टीव्हीवर लावला. अण्णांची खुर्ची पुढे ओढली.

अण्णांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. बराच वेळ.

"पाचोळा आहे," ते म्हणाले.

"अण्णा, नीट बघा ना, तो कोपऱ्यात..."

"अरे, पाचोळाच आहे. छान आलाय."

पाचोळाच होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. दुसऱ्या डोळ्यातला डाग वाढला होता. घरी आल्यावर बायकोने पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ह्या रविवारी अण्णांना घेऊन जायचं. तुमचा फोटो येईस्तोवर थांबलो तर झालंच."

"चढणार कसे?"

"मी धरते. तुम्ही तुमचं ते मुसळ धरा."

रविवारचं ठरलं आणि तिथेच आमची मोठी चूक झाली. आमच्या भागातल्या माणसाला थंडीत कुठे जायचं म्हटलं की पोपटी आठवते. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ भरायचं, तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शनिवारी संध्याकाळी अण्णा म्हणाले, "रानात न्यायला उद्या काहीतरी हवं." झालं. परसात मडकं लागलं. अण्णा जाळाच्या जवळ बसले. जाळ त्यांना कडेकडेने दिसत होता. मडक्यावर पाणी मारून चर्र आवाज ऐकून "झाली, काढा" हेही त्यांनीच सांगितलं. निम्मी पोपटी तिथेच संपली. उरलेली बायकोने स्टीलच्या डब्यात, पाल्यासकट भरली. जनावरांचे फोटो काढायला जाताना बरोबर मैलभर वास जाणारा डबा घेऊ नये, हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असणार. पण पोपटी उरलीय आणि ती घरी ठेवून आपण डोंगरावर जातोय, हे आमच्यापैकी कोणालाच सुचणं शक्य नव्हतं.

चौकीवरच्या माणसाने अण्णांकडे बघितलं. "आजोबांना जमंल ना? पाणवठ्यापर्यंत सपाट हाय. पुढं नका नेऊ. आन् वानरांना काय खायला घालू नका."

"न्हाय घालत," अण्णा म्हणाले. थळच्या घरात त्यांच्या तोंडून 'न्हाय' मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बायकोने त्यांचा हात धरला. अण्णा पायाने वाट चाचपत चालत होते, पण रान जसजसं दाट झालं तसतसे त्यांचे पाय सैल पडले. एका ठिकाणी थांबून त्यांनी नाक वर केलं. "ओढा आहे का इथे डाव्या हाताला?" होता. कोरडा होता, पण होता. त्यांनी बायकोचा हात सोडला आणि आपला हात तिच्या खांद्यावर ठेवला, मोठ्या माणसाने लहानाला घेऊन चालावं तसा.

पाणवठ्याजवळ उंच झाडांखाली एक सपाट खडक होता. समोरच्या झाडावर घरटं होतं. अण्णांना खडकावर बसवलं, मी तिपाई लावली, लेन्स घरट्यावर रोखली आणि हुकूम सोडला, "आता कोणी हलायचं नाही. बोलायचं नाही."

ऊन पानांतून खाली उतरत होतं. पाण्यावरून वाफ निघत होती. कुठूनतरी सुतार पक्ष्याची टकटक येत होती. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. म्हटलं, आज होणार.

टक्.

मी मागे बघितलं. अण्णा शेंग सोलत होते.

"अण्णा!"

"भूक लागली रे."

"आवाज होतो."

"शेंगेचा?"

"सगळ्याचा होतो!" मी बायकोला खुणेने सांगितलं, डबा तिकडे ठेव. तिने कपाळाला आठी घातली, डबा मागच्या दगडावर नेऊन ठेवला आणि अण्णांशेजारी बसली. झाकण नीट लागलं नव्हतं. हेही माझ्या हुकमामुळेच. घाईत कुठलं झाकण नीट लागतं?

पुढचं सगळं एवढ्या झटक्यात झालं की आम्ही तिघे ते तीन वेगळ्या तऱ्हांनी सांगतो. आधी मागे धप्प झालं. मग बायको ओरडली, "अहो, डबा!" काळ्या तोंडाचं एक थोराड वानर दगडावर बसून पोपटी खाली ओतत होतं आणि त्याच्या मागून सगळी टोळी फांद्या मोडत येत होती. चौकीवरच्या माणसाला दिलेला शब्द आमचा असा गेला. बायको चप्पल हातात घेऊन धावली. मी तिपाईसकट गर्रकन वळलो आणि लेन्समधून बघितलं. एवढ्या जवळून त्या लेन्समध्ये वानर मावत नाही. मला दिसली नुसती राखाडी लोकर.

"गेलं!" अण्णा ओरडले. "ते बघ! ते बघ गेलं!"

मी वळलो. अण्णा उभे होते. तोंड बायकोच्या दिशेला, वानरांकडे होतं, पण हात मात्र भलतीकडेच, समोरच्या झाडांच्या वर ताणलेला. मी त्यांच्या बोटाच्या दिशेने कॅमेरा फिरवला आणि बटण दाबून धरलं.

तिथे काही नव्हतं. एक फांदी होती, खालीवर होत असलेली.

वानरं गेली. रान पुन्हा गप्प झालं. बायको धापा टाकत, रिकामा डबा घेऊन परत आली. अण्णा अजून उभेच होते.

"शेकरू होतं," ते म्हणाले. "त्या खोडाला चिकटून बसलं असणार एवढा वेळ. वानरांना घाबरून सुटलं. ह्या झाडावरून..." त्यांनी हात फिरवला, आणि ह्या वेळी हात अडला नाही, पूर्ण गेला, एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत. "...त्या झाडावर."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. डोळे धड असलेल्या आमच्यापैकी एक चप्पल घेऊन धावत होती आणि दुसरा वानराची लोकर बघत होता.

बायकोने त्यांना पुन्हा बसवलं. मी जरा बाजूला झालो तशी माझ्यामागे येऊन हळूच म्हणाली, "खरंच दिसलं असेल? की वानरच?"

"वानराची शेपटी लोंबते," खडकावरून अण्णा म्हणाले. कान शाबूत आहेत त्यांचे, आम्ही सारखे विसरतो. "शेकरूची मागे सरळ ताणलेली होती. झुपकेदार. तोंड नाही दिसलं मला. रंगही धड नाही. पण उडी दिसली. पोरी, उडी दिसली."

बायको त्यांच्या पायाशी बसली. "मला सांगा अण्णा. मी नाही बघितली. पहिल्यापासून सांगा."

त्यांनी सांगितली. खडकावर सांगितली, वाटेत सांगितली, चौकीवर सांगितली. चौकीवरचा माणूस रिकाम्या डब्याकडे बघून रागवणार होता, तो ऐकतच राहिला. गाडीत, रेवदंड्याच्या पुलावर पुन्हा एकदा झाली. संध्याकाळी शेजारच्यांना सांगताना दोन झाडांमधलं अंतर पाणवठ्याएवढं झालं होतं. माझ्याकडे पुरावा म्हणून होतं काय, तर फांदी. पंधरा-वीस फोटो, सगळ्यांत तीच फांदी. पहिल्या फोटोत ती वाकलेली आहे, दोन पानं हवेत आहेत, आणि गंमत म्हणजे फोटो स्वच्छ आलाय. इतका स्वच्छ फोटो मी आजवर काढला नव्हता.

पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी अण्णांना खुर्चीत बसवलं. बाई तरुण आहेत, गोड बोलतात. त्यांनी हात समोर धरून विचारलं, "आजोबा, किती बोटं?"

अण्णांनी मान वळवली, थोडी, आणखी थोडी. "नाही सांगता येत."

डॉक्टरांनी हात खाली घेतला. मी तयारीत होतो, आता अण्णांना सावरायचं कसं म्हणून. तर अण्णाच म्हणाले, "ते राहू दे बाई. तू शेकरू बघितलंयस का कधी?"

"नाही हो आजोबा."

"मी बघितलं. ह्याच डोळ्यांनी. आता, ह्या थंडीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्या हळूच म्हणाल्या, "दिसलं असेल. ह्या आजारात मधलं जातं, कडेचं राहतं. आणि कडेला काही हललं की पटकन कळतं." मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "फोटो काढला की नाही?"

"ह्याने काढलाय. दाखव रे."

मी फोन पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, मोठा करून बघितला. वाकलेली फांदी. हवेतली दोन पानं. त्या काय म्हणणार, कोणास ठाऊक. त्या शोधत होत्या, मी जसा पाचोळ्यात शोधत होतो तशा.

अण्णा खुर्चीतून पुढे झुकले, आवाजाच्या अंदाजाने त्यांच्या हातापर्यंत.

"दिसतंय ना?" ते म्हणाले. "आत्ताच गेलंय तिथून."