इमामभाईंची नऊशे पानं

कवठे महांकाळच्या पेठेत इमामभाई मुलाणींचं पुस्तक-बांधणीचं दुकान होतं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं त्यांच्याकडेच येत. शिक्षण चौथीपर्यंत, पण कडेला बोटांचा मळ कुठवर पोचलाय ते बघून पुस्तक कुठवर वाचलं गेलंय हे ते अचूक सांगत.

१९७४च्या उन्हाळ्यात ग्रंथपाल जोतीराम यांनी नऊशे पानांची एक कादंबरी शिवायला दिली. मळ साठाव्या पानाशी संपला होता. पुढं सगळं कोरं.

"दादा, ही कुणीच पुरी केली न्हाई व्हय?"

"मी बी न्हाई," जोतीराम म्हणाले. "लय अवघड हाय."

शिवण झाल्यावर इमामभाईंनी ती स्वतःच्या नावावर नोंदवून घरी आणली. दुपारी जेवण झालं की दहा पानं वाचायची. वाक्यं लांबलचक, शेवटाला येईतो सुरुवात विसरलेली असे. नावं एकमेकांत मिसळत, म्हणून कोण कुणाचं कोण ते त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून ठेवलं.

"समजत न्हाई तर कशापायी डोळं फोडताय?" बायको मदिनाबी म्हणाली.

"आज न्हाई समजलं. उद्या बघू."

तीनशेव्या पानाला मात्र त्यांनी हात टेकले. पुस्तक फळीवर गेलं.

श्रावणात पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवताना उजवा हात भाजला. तीन आठवडे दुकान बंद. नुसतं बसून ते चिडचिड करायला लागले, तेव्हा मदिनाबीनंच पुस्तक खाली काढलं. पानं ती उलटायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून विचारायची, "त्या बाईचं पुढं काय झालं?" सांगायचं म्हणून ते मागची चार पानं पुन्हा वाचत, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाच उमगत जाई. हात बरा झाला तरी हा परिपाठ सुटला नाही.

दिवाळीच्या आधी पुस्तक संपलं.

"शेवटी काय?"

"ती बाई गाव सोडून जाती. एकटीच."

मदिनाबीनं पुस्तक मिटलं. "बरं केलं तिनं," म्हणाली.

"सगळी कळली?" पुस्तक परत घेताना जोतीरामांनी विचारलं.

"निम्मी."

जोतीरामांनी खुशीनं दुसरी तसलीच जाड कादंबरी दिली. ती आठवड्यात परत आली.

"का ओ, इमामभाई?"

"चाळीस पानं झाली. घरी जाऊन सांगावं असं ह्यात कुणी भेटलं न्हाई."

पुढच्या चार वर्षांत त्यांनी आणखी दोन जाड कादंबऱ्या पुऱ्या केल्या. सहा अर्ध्यावर सोडल्या.